वाघ आणि गव्हाणी घुबड: प्रदर्शनाच्या फलकावर तुलना कशी मांडावी?

रामबागकर

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवात इंदूरला आमच्या मंडळातर्फे निसर्गावरचं छोटं प्रदर्शन ठेवतो आहोत. त्यातला एक फलक 'दोन शिकारी' असा आहे, एका बाजूला वाघ आणि दुसऱ्या बाजूला गव्हाणी घुबड. वाघाबद्दल मुलांना भरपूर माहिती असते. घुबड मात्र जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, गोदामात, आपल्या डोक्यावर राहत असूनही बहुतेकांना अपशकुनापलीकडे ठाऊक नाही. म्हणून ही जोडी निवडली.

फलक ६ फूट बाय ४ फूट. सध्याच्या मसुद्यात वजन, लांबी, वेग, नखं, दृष्टी, भक्ष्य आणि शेवटी 'कोण सरस?' असा दहापैकी गुणांचा तक्ता आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गुणतक्ता ठेवावा का? घुबडाची पेलेट (न पचलेली हाडं-केसांची गोळी) मुलांसमोर उघडून दाखवता येईल का, आणि कशी? आणि अशा फलकांवर हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

---

माळवा_माळरान

गुणतक्ता काढाच. ४०० ग्रॅमचा पक्षी आणि २०० किलोचं जनावर यांना एकाच फूटपट्टीने मोजलं की वाघ प्रत्येक ओळीत जिंकतो आणि मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारा, 'याला किती दिवसांनी जेवावं लागतं?' बाकी सगळं त्यातून आपोआप उलगडतं. हिशेब असा मांडा.

गव्हाणी घुबडाचं वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. एका रात्रीत त्याला लहान चणीचे तीन-चार उंदीर लागतात, म्हणजे ८० ते १०० ग्रॅम अन्न. ते झालं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकं, आणि तेही रोज. अंगावर चरबीचा साठा नाममात्र. सलग काही रात्री शिकार हुकली की पक्षी खंगतो.

वाघाचं उलट. भरपूर भक्ष्य असलेल्या जंगलात तो वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो, म्हणजे आठवड्याला एक. एका बैठकीत २० ते ३० किलो मांस सहज खातो, मग तीन-चार दिवस त्याच शिकारीवर येत राहतो. रोजची सरासरी काढली तर ५ ते ७ किलो, म्हणजे वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. आठवडाभर पोटात काही नसलं तरी तो पुन्हा शिकारीला उभा राहतो.

भक्ष्याचा आकारही याच हिशेबात बसतो. घुबडाचा उंदीर त्याच्या वजनाच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. वाघाचं सांबर त्याच्याएवढं, कधी त्याच्याहून जड. घुबडाला भक्ष्याकडून इजा होण्याची भीती फारशी नाही, त्याला भीती भुकेची. वाघाला भुकेइतकीच दुखापतीची भीती. साळिंदराचे काटे पंजात किंवा जबड्यात रुतले, रानडुकराने सुळा मारला, वाघाचा स्वतःचा सुळा तुटला, की मोठी शिकार बंद होते. आणि वाघ पाळीव गुरांकडे वळतो तो बरेचदा तिथूनच.

पिल्लांचाही संबंध इथेच येतो. वाघीण साडेतीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन ते चार बछडे देते आणि जवळपास दोन वर्षं सांभाळते, कारण सांबर पाडणं शिकायला तेवढा वेळ लागतो. घुबडाची मादी चार ते सात अंडी घालते, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे एकाच घरट्यात पिल्लं लहान-मोठी चढत्या क्रमाने असतात. उंदीर मुबलक असले तर सगळी जगतात, कमी असले तर धाकटी जातात. निर्दय वाटतं, पण रोजच्या रोज मिळणाऱ्या अन्नावर जगणाऱ्याला पुढच्या महिन्याचा अंदाज नसतो, म्हणून तो अंडी जास्त घालून ठेवतो.

---

पाणवठा

वरच्या हिशेबात वाघाचं अपयश घाला, नाहीतर मुलांना वाटेल आठवड्याला एक शिकार म्हणजे एकच झडप. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात अभ्यास केला, त्यांचा अंदाज वीस प्रयत्नांत एक यशस्वी असा होता. इतर ठिकाणी दहात एक असेही अंदाज आहेत. फलकावर 'दहा ते वीस झडपांत एक' लिहिलंत तर चूक होणार नाही.

कारणही लिहा. वाघ पळून पकडणारा प्राणी नाही. दबा धरून, गवताच्या आणि दगडांच्या आडोशाने तो २० मीटरच्या आत यायला बघतो. तिथून दोन-चार उड्या. पहिल्या शंभरेक मीटरमध्ये हाती लागलं नाही तर सोडून देतो, कारण एवढं वजन घेऊन लांब धावलं की अंग तापतं आणि दम संपतो. म्हणून अंतर हीच त्याची सगळी कला. नखं आत ओढून घेतलेली, तळव्याला मऊ गादी, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो.

'एवढा भगवा प्राणी लपतो कसा?' हा प्रश्न मुलं विचारणारच. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसात तीन. त्यांना भगवा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. चितळाच्या डोळ्याला वाघ म्हणजे वाळल्या गवतातले उभे पट्टे. फलकावर एकाच वाघाची दोन चित्रं लावा, एक रंगीत आणि एक हिरवट-पिवळट केलेलं. कुठल्याही मजकुरापेक्षा ते जास्त बोलेल.

मारण्याची पद्धत भक्ष्याच्या आकारावर ठरते. लहान जनावर असेल तर मानेवर मागून चावा, सुळे मणक्यांच्या मध्ये घुसतात. मोठं असेल तर गळा खालून धरतो आणि श्वास कोंडेपर्यंत काही मिनिटं सोडत नाही. त्या वेळी वाघाचं अंग जनावराच्या पाठीच्या बाजूला असतं, खुरांच्या टप्प्याबाहेर. खायला बहुधा मागच्या मांडीकडून सुरुवात करतो, आतडी बाजूला काढून टाकतो. त्याआधी बहुधा शिकार सावलीत, शक्यतो पाण्याजवळ ओढून नेतो.

---

निशाचर

आता घुबडाची बाजू, कारण खरी नवलाई तिथे आहे आणि फलकावर ती 'तीक्ष्ण श्रवणशक्ती' या दोन शब्दांत उरकली जाते.

गव्हाणी घुबडाचे कान डोक्यावर समान उंचीवर नसतात. डाव्या कानाचं भोक जरा वर आणि खाली बघणारं, उजव्याचं जरा खाली आणि वर बघणारं. चेहऱ्यावरची ती हृदयाच्या आकाराची पांढरी थाळी म्हणजे आवाज गोळा करून कानाकडे वळवणारी ताठ पिसांची भिंत. उंदीर डावीकडे की उजवीकडे, हे आवाज कुठल्या कानात आधी पोचला यावरून कळतं. हा फरक एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. वर की खाली, हे कुठल्या कानात आवाज मोठा आला यावरून. दोन्ही मिळून ठिकाण एक-दोन अंशांच्या चुकीत पक्कं होतं. हात लांब करून करंगळी उभी धरा, तिची रुंदी साधारण एक अंश. मुलांना हे करून दाखवता येतं.

जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन (पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर माहीत झालेले) यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत हे तपासलं. पाचोळ्यातल्या उंदरावर घुबड अचूक पडत होतं. नंतर मासाकाझू कोनिशी या दुसऱ्या संशोधकांनी उंदराच्या शेपटीला कागद बांधला आणि तो आवाज न होणाऱ्या पृष्ठभागावर सोडला. आवाज फक्त कागदाचा येत होता, आणि घुबडाने झडप कागदावर घातली. वासावर किंवा अंगाच्या उष्णतेवर नाही, आवाजावर. हे चित्ररूपात मांडा, तीन चौकटी पुरतील.

उडण्याचा आवाज का येत नाही, याची तीन कारणं. सर्वांत बाहेरच्या उड्डाणपिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, ते हवेचा प्रवाह लहान-लहान तुकड्यांत फोडतात. मागच्या कडेला मऊ झालर असते. आणि पिसांचा पृष्ठभाग मखमलीसारखा, एक पीस दुसऱ्यावर घासलं तरी खरखर होत नाही. शिवाय वजनाच्या मानाने पंख फार मोठे, पसरले तर ८० ते ९५ सेंमी, त्यामुळे ते जमिनीपासून दोन-चार मीटरवर अगदी सावकाश तरंगत जाऊ शकतं. शांत उडण्याचा फायदा दुहेरी आहे. उंदराला चाहूल लागत नाही हे झालंच. पण स्वतःच्या पंखांचा आवाज आड येत नाही म्हणून उडता-उडताही त्याला ऐकू येत राहतं. हा दुसरा फायदा बहुतेक जण विसरतात.

या मऊपणाची किंमतही लिहा. अशी पिसं पाणी धरतात. भिजलेलं घुबड जड होतं, उडताना आवाज करतं, आणि पावसाच्या सरीत उंदराची खसखस ऐकूच येत नाही. माळव्यात झड लागली की या पक्ष्याचे हाल होतात. वाघाला तोच पाऊस सोयीचा, ओल्या पाचोळ्यावर पाऊल वाजत नाही.

झडपेच्या शेवटच्या क्षणी ते डोकं मागे घेतं आणि जिथे चेहरा होता त्या रेषेत पाय पुढे फेकतं. बाहेरचं बोट मागे वळवता येतं, म्हणून दोन बोटं पुढे, दोन मागे असा चौकोनी सापळा उंदरावर पडतो. मधल्या बोटाच्या नखाला आतून बारीक कंगवा असतो, तो पिसं साफ करायला.

---

रामबागकर

फारच उपयोगी. गुणतक्ता काढला, 'किती दिवसांनी जेवण?' हेच शीर्षक घेतो. पेलेटबद्दल कोणी नेमकं सांगेल का? एका जुन्या गोदामाखाली पुष्कळ पडलेल्या आहेत, मालकांची परवानगी आहे.

---

हाडंकुडं

करता येईल, पण तयारीला आठवडा हाताशी ठेवा.

गोळा करताना मास्क आणि हातमोजे घाला. बसायच्या जागेच्या थेट खाली वाकू नका, दिवसा जाऊन पक्ष्याला उठवू नका. घरट्यात पिल्लं असतील तर तो कोपरा पूर्ण सोडा. अख्ख्या, काळपट, तीन ते सहा सेंमी लांब गोळ्या निवडा. ताजीवर वार्निश मारल्यासारखी चकाकी असते. भुरभुरीत झालेल्या, जाळी लागलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यात कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या असतात आणि दोन-तीन गोळ्यांचा माल एकत्र झालेला असतो. लांबट, पिळदार, टोकाला निमुळती आणि वास येणारी दिसली तर ती मांजराची किंवा मुंगसाची विष्ठा आहे, पेलेट नव्हे.

निर्जंतुक करायला प्रत्येक गोळी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सैल गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सियसवर ४० मिनिटं ठेवा. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. प्रेशर कुकरमध्ये उकळू नका, केसांचा लगदा होतो आणि लहान कवट्या फुटतात.

उघडताना पसरट थाळीत कोमट पाणी, त्यात दोन थेंब भांडी घासायचं द्रावण, गोळी अर्धा तास भिजू द्या. मग बोथट चिमटा आणि दाभण घेऊन केस हलकेच बाजूला सारा. घाई केली की पहिला फुटतो तो खालचा जबडा, आणि ओळख नेमकी त्याच्यावरच असते. हाडं पांढरी करायची असतील तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास. कपड्यांचं ब्लीच नको, हाडं चुरा होतात.

ओळख दातांवरून. पटाशीचे दात पिवळे-नारिंगी, छिन्नीसारखे आणि त्यांच्यामागे मोकळी जागा, मग दाढा: हा उंदीरवर्गातला प्राणी. दातांची रांग सलग, टोकदार, पांढरी, मोकळी जागा नाही: चिचुंद्री. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खोबण असेल तर हरणउंदीर. बाजूने बघताना वरच्या पटाशीच्या दाताच्या आतल्या कडेला खाच असेल तर घरातला लहान उंदीर. दाढांवर आडव्या पट्ट्या आणि जबडा दणकट असेल तर घूस. मोठी घूस या पक्ष्याला झेपत नाही, त्यामुळे सापडतात ती बहुधा तिची पिल्लं.

संख्या मोजताना कवट्या मोजा, किंवा फक्त डावे खालचे जबडे मोजा. दोन्ही बाजूंचे जबडे एकत्र मोजले की आकडा दुप्पट होतो, ही सर्वांत जास्त होणारी चूक.

आता हे वाघाशी जोडा. घुबड उंदीर डोक्याकडून अख्खा गिळतं, चावत नाही. त्याच्या जठरातलं आम्ल ससाण्या-शिक्र्यांपेक्षा सौम्य, म्हणून हाडं जवळजवळ शाबूत बाहेर पडतात. वाघ दाढांनी मांस कात्रीसारखं कापतो, खरखरीत जिभेने हाडावरून खरवडतो, आणि त्याच्या विष्ठेत मुख्यतः केस आणि हाडांचे तुकडे उरतात. म्हणून घुबडाचा आहार कवट्यांवरून कळतो, वाघाचा सूक्ष्मदर्शकाखाली केसांवरून. त्यातही फसगत आहे. लहान प्राण्याला मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे नुसत्या विष्ठा मोजल्या तर लहान भक्ष्याचा वाटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, अभ्यासक तो गणिताने दुरुस्त करतात. वाघाची विष्ठा प्रदर्शनासाठी आणण्याचा विचारही नको. संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही.

---

देपालपूर_रब्बी

शेतकरीही बघायला येतील, म्हणून एक कोपरा त्यांच्यासाठी ठेवा. दोन्ही शिकारी ज्या सवयीवर जगतात त्याच सवयीने मरतात, हे फलकावर आलंच पाहिजे.

गहू-हरभऱ्यात उंदीर वाढले की ब्रोमाडिओलोन या विषाचे तुकडे बिळांत टाकले जातात. ते रक्त गोठू देत नाही, आणि उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात. त्या दिवसांत तो सुस्त होतो, उघड्यावर येतो, हळू चालतो. घुबडाला असाच उंदीर सर्वांत सोपा. रोज तीन-चार खाणाऱ्याच्या अंगात विष साठत जातं. जिथे घुबड राहतं तिथे बिळं बुजवणं, बांध साफ ठेवणं, पिंजरे लावणं आधी करा. विष वापरलंच तर रोज सकाळी मेलेले आणि मरायला टेकलेले उंदीर उचलून खोल पुरा. उभ्या पिकात आठ-दहा फुटांचे इंग्रजी टी अक्षरासारखे खांब रोवले तर बसायला जागा मिळते.

वाघ शिकारीवर परत येतो, म्हणून मारलेल्या गाईच्या अंगावर विष टाकून त्याला मारतात. जनावर मारलं गेलं तर त्याला हात न लावता वनविभागाला लगेच कळवायचं, भरपाई मिळते. रानडुकरासाठी सोडलेल्या वीजतारेतही वाघ जातो, कारण डुकराचीच वाट तो धरतो.

आणि दिवाळीच्या आधी जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली घुबड पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, ही ओळ मोठ्या अक्षरात.

---

निशाचर

रामबागकर, तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. चुका पटापट सांगतो.

फोटो तपासा. डोळे नारिंगी आणि डोक्यावर पिसांचे 'कान' असतील तर ते शृंगी घुबड. गव्हाणीचे डोळे काळेभोर, चेहरा पांढरा. 'घू-घू' लिहू नका, हा पक्षी घोगरं किंचाळतो, माळ्यावर भूत असल्याच्या गोष्टी बऱ्याचशा त्या आवाजातून आल्या. 'दिवसा आंधळं' चूक, दिवसाही त्याला दिसतं. मान पूर्ण गोल फिरत नाही, सुमारे २७० अंश फिरते, कारण डोळे खोबणीत नळीसारखे घट्ट बसलेले आणि हलत नाहीत. वाघाच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, बॅटरीत चमकतो तो तोच. घुबडाचे डोळे दाखवताना तोच थर चितारू नका.

---

माळवा_माळरान

आकाराबद्दल एक. दोन्ही शिकारी फलकावर सारख्याच उंचीचे काढले तर पहिल्यांदा बघणाऱ्याला घुबड वाघाएवढं वाटतं. ६ फुटांत वाघ पूर्ण आकारात बसणार नाही, शेपटीसकट तो पावणेतीन-तीन मीटर असतो. घुबड मात्र खऱ्या मापात काढा, ३५ सेंमी, आणि त्याच्या पायाखाली उंदीरही खऱ्या मापात. वाघाचा फक्त पुढचा पंजा खऱ्या मापात, मोठ्या नराचा ठसा साधारण १५ सेंमी रुंद. मुलांना आपला तळवा त्यावर ठेवून बघता येईल एवढ्या उंचीवर तो लावा, जमिनीपासून अडीच फूट.

---

रामबागकर

पंजा अडीच फुटांवर, पेलेटचं टेबल फलकाच्या उजवीकडे, कायद्याची ओळ वर. हाडंकुडं, एका गटात किती मुलं बसवावीत?

---

हाडंकुडं

एका थाळीला दोन, जास्त नाही. एकाने केस बाजूला करायचे, दुसऱ्याने जबडे काळ्या कागदावर मांडायचे, पांढऱ्या कागदावर ते दिसत नाहीत. एका गोळीला चाळीस मिनिटं धरा. संपल्यावर साबणाने हात धुवायला पाणी टेबलाशेजारीच ठेवा, प्रसादाच्या रांगेजवळ टेबल लावू नका.